जेस२ चेकपॉइंट : साठवणीची जागा

आयबीएमच्या मेनफ्रेम यंत्रांवरील झेड/ओएस प्रणालीवर बॅच कामे (आपोआप चालणारी, रांगेतली कामे) स्वीकारणे, रांगेत लावणे आणि त्यांचे आउटपुट सांभाळणे हे जेस२ करते. कामांचा मजकूर स्पूलवर, म्हणजे डिस्कवरच्या सामायिक साठवणीत, असतो. कोणते काम रांगेत कुठे आहे आणि स्पूलची कोणती जागा कोणाला दिली आहे, याची नोंदवही म्हणजे चेकपॉइंट. एकच स्पूल वापरणाऱ्या गटात, म्हणजे ‘मास’मध्ये, ३२ पर्यंत सदस्य असू शकतात आणि ते सारे ही एकच वही आळीपाळीने हाताळतात. वहीच्या सगळ्या प्रती गेल्या, तर स्पूल शाबूत असूनही कोल्ड स्टार्ट करावा लागतो : सगळ्या कामांवर पाणी सोडून कोऱ्या पाटीने सुरुवात.

वही डिस्कवर ठेवता येते किंवा कपलिंग फॅसिलिटीत, म्हणजे अनेक यंत्रांनी मिळून वापरायच्या सामायिक स्मृतीत. डिस्कवर असेल तर सदस्य ती हाताळण्यापूर्वी ‘रिझर्व्ह’ लावतो. हे कुलूप त्या एका डेटासेटला (फाइलला) नव्हे, अख्ख्या व्हॉल्यूमला, म्हणजे डिस्कच्या पूर्ण एककाला, लागते. त्याच व्हॉल्यूमवर दुसरा वर्दळीचा डेटासेट ठेवला, की चेकपॉइंट कोणीही वापरत नसताना सगळे खोळंबतात आणि कन्सोलवर हॅस्प२६३ झळकतो : चेकपॉइंटची वाट पाहतोय. त्यासाठी वेगळा व्हॉल्यूम देणे खर्चिक वाटते खरे, पण काटकसर करायची ही जागा नव्हे. शिवाय या कुलपाला रांग ठाऊक नसते. सुटताच जो आधी झडप घालील त्याचे, आणि वेगवान यंत्रे संथ यंत्रांना उपाशी ठेवतात. म्हणून वही किमान किती वेळ हातात ठेवायची हे ‘होल्ड’ने आणि सोडल्यावर किती वेळ मागायची नाही हे ‘डॉर्मन्सी’ने, शतांश सेकंदांत, ठरवतात.

कपलिंग फॅसिलिटीत ज्याने आधी मागितली त्याला आधी मिळते, त्यामुळे सदस्य अनेक असतील तर तीच सोयीची. पण ती शेवटी स्मृती. बॅटरीचा आधार नसेल तर वीज जाताच वहीही जाते. म्हणून रूढ मांडणी अशी : पहिली प्रत कपलिंग फॅसिलिटीत, दुसरी डिस्कवर, पद्धत ‘डुप्लेक्स’, म्हणजे काम पहिल्या प्रतीवर आणि दुसरी राखीव जोडप्रत. दोन्ही प्रती आलटून पालटून वापरणारी ‘ड्युअल’ पद्धत दोन्ही डिस्कवर असतील तरच चालते. दोन्ही प्रती डिस्कवर असल्या तरी वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर, शक्यतो वेगवेगळ्या कंट्रोल युनिटखाली (डिस्क चालवणाऱ्या नियंत्रकाखाली) ठेवतात.

जागा निकामी झाल्यास जेस२ आणि ऑपरेटर यांच्यातल्या पुनर्रचना संवादातून चालू जेस२ न थांबवता वही हलवता येते. त्यासाठी पर्यायी जागा आधीच नेमून ठेवतात. मात्र ती आकाराने अपुरी असेल तर ऐन वेळी जेस२ ती नाकारते.