वाली नागारी की पंघुलू? दारूची तक्रार कुणाकडे जाते

इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ समाजाबद्दल वाचताना दोन माणसांची हमखास गल्लत होते. वाली नागारी आणि पंघुलू, दोघांनाही सरसकट ‘गावप्रमुख’ म्हटलं जातं. गावातला एखादा पोरगा प्यायला लागला, की दोघांतला फरक लगेच कळतो.

वाली नागारी साधारण आपल्या सरपंचासारखा. नागारी म्हणजे गाव, त्याचा हा निवडून आलेला, ठरावीक मुदतीचा प्रमुख. दाखले, निधी, गावाचे नियम हे त्याचं काम.

पंघुलूचं बळ नात्यात आहे. हा समाज मातृवंशीय. वडिलोपार्जित घर-जमीन आईकडून मुलींकडे जाते आणि भाच्यांना वळण लावायची जबाबदारी मामाची असते. कुळाने एकमताने निवडलेला प्रमुख तो पंघुलू. त्याला ‘दातुक’ म्हणतात, आणि अशा सगळ्या वडीलधाऱ्यांना मिळून ‘निनिक मामक’. त्यामुळे तुआक, म्हणजे ताडी पिऊन धिंगाणा घातलेला मुलगा पंघुलूसमोर आरोपी म्हणून येत नाही, भाचा म्हणून येतो. तोही थेट नाही. आधी घरातला मामा त्याला समोर बसवतो. तिथे मिटलं नाही तर पंघुलू, आणि त्यानंतर सगळ्या कुळप्रमुखांची सभा, ‘केरापातान आदात नागारी’. पायरी गाळून वर जाणं रीतीत बसत नाही. आधी समज, मग माफी, मग दंड, आणि अगदीच टोकाला कुळाच्या कार्यांतून वगळणं. मला ही उतरंड मोलाची वाटते, कारण पहिला शब्द ओळखीच्या माणसाचा असतो.

रूढी शरियतवर उभी आणि शरियत कुराणावर, असं हा समाज आज मानतो. पण इतिहास इतका सरळ नाही. 1803च्या सुमारास मक्केहून परतलेल्या, पुढे ‘पाद्री’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मुस्लिम सुधारकांनी दारू, अफू, जुगार, कोंबड्यांच्या झुंजी बंद करायचा चंग बांधला. तेव्हा अनेक कुळप्रमुख त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, आणि 1821मध्ये काहींनी डचांची मदत घेतली.

पुढे 1979च्या कायद्याने नागारी मोडून छोटी गावं केली. 2000नंतर नागारी परत आल्या, पण मामाचा धाक तेवढा परतला नाही. आता मूल बापाच्या घरात वाढतं, मोठं झालं की कामासाठी पादांग-जकार्ताला जातं. आणि दारू विकणारा बाहेरून आलेला असेल तर तो गावात कुणाचाच भाचा नसतो. तिथे दातुकाचा शब्द पुरत नाही. वाली नागारीला नियम करून घ्यावा लागतो, पोलिसांना बोलवावं लागतं.