नॉर्मंडीचे वैमानिक खरेच कचरले होते का?
दुसऱ्या महायुद्धात 6 जून 1944 च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील नॉर्मंडीत उतरलेले अमेरिकी छत्रीधारी सैनिक भलतीकडे विखुरले ते त्यांना वाहून नेणाऱ्या सी-47 विमानांच्या भेदरलेल्या वैमानिकांमुळे, असे आजही सर्रास सांगितले जाते. हा त्या माणसांवर धडधडीत अन्याय आहे. नॉर्मंडीतील कोतांतँ द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा ओलांडताच विमाने अनपेक्षित दाट ढगांत शिरली, अगदी जवळजवळ उडणाऱ्या तुकड्यांना टक्कर टाळण्यासाठी फाकावे लागले, रेडिओबंदीमुळे मागच्यांना सावध करता आले नाही, बहुतेक विमानांत मार्ग ठरवणारा स्वतंत्र नेव्हिगेटरही नव्हता, आणि ढगांबाहेर पडताच विमानविरोधी तोफांचा मारा सुरू झाला. काही वैमानिकांनी वेग वाढवला, हे खरे. पण त्याच रात्री 505 व्या छत्रीधारी रेजिमेंटला नेणारी विमाने बऱ्याच अंशी नेमक्या जागी पोहोचली आणि तिच्या सैनिकांनी उजाडण्यापूर्वीच सेंत-मेर-एग्लीज गाव ताब्यात घेतले.