लुईझियाना आठ कोटींना, हैती पंधरा कोटींना

एप्रिल 2025 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी फ्रान्स आणि हैतीच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमण्याची घोषणा केली. विषय होता दोनशे वर्षांपूर्वीची एक वसुली. 17 एप्रिल 1825 रोजी फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने फर्मान काढलं होतं: हैतीला आपलं स्वातंत्र्य मान्य करून हवं असेल, तर 15 कोटी फ्रँक भरावेत. ही मागणी किती अवाच्या सव्वा होती, ते कळायला 1803 सालात जावं लागतं. त्या वर्षी फ्रान्सने लुईझियाना प्रांत अमेरिकेला विकला. मिसिसिपी नदीपासून रॉकी पर्वतापर्यंतचा सुमारे 21 लाख चौरस किलोमीटरचा पट्टा, आणि त्याची किंमत 8 कोटी फ्रँक.

अमेरिकी इतिहासात हा सौदा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्या मुत्सद्देगिरीचं फळ म्हणून सांगितला जातो. मला ते अर्धसत्य वाटतं. नेपोलियनला विकायची पाळी आणली ती हैतीतल्या गुलामांनी.

हैती तेव्हा सेंट डोमिंग नावाची कॅरिबियन समुद्रातली फ्रेंच वसाहत होती. युरोपात खपणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा फार मोठा वाटा या एवढ्याशा मुलखातून जाई, आणि तो पिकवायला सुमारे 5 लाख आफ्रिकी गुलाम राबत. ऑगस्ट 1791 मध्ये ते उठले, मळे जाळले. 1794 मध्ये क्रांतिकारी फ्रान्सला गुलामी रद्द करावी लागली. पुढे वसाहतीचा कारभार तुसाँ लुव्हर्त्यूर या एकेकाळच्या गुलामाच्या हाती आला.

नेपोलियनला ही साखर परत हवी होती. 1800 मध्ये त्याने गुप्त करार करून स्पेनकडून लुईझियाना मिळवला. आखणी सरळ होती: सेंट डोमिंगमध्ये ऊस पिकवायचा आणि तिथल्या माणसांना लागणारं धान्य, मांस, लाकूड लुईझियानातून पुरवायचं. त्यासाठी त्याने आपला मेहुणा जनरल लक्लेर्क याला मोठी फौज देऊन धाडलं. 1802 च्या सुरुवातीला ती बेटावर उतरली. जूनमध्ये तुसाँला बोलणीच्या बहाण्याने बोलावून पकडलं आणि फ्रान्समधल्या ज्युरा पर्वतातल्या जू किल्ल्यात कोंडलं.

तरीही बंड विझलं नाही. मे 1802 च्या फ्रेंच कायद्याने गुलामीला पुन्हा मान्यता दिली होती. शेजारच्या ग्वादेलूपमध्ये ती परत लादली जातेय ही बातमी पोचल्यावर आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय हे लोकांनी ओळखलं. त्यातच पीतज्वराची साथ आली. तो डासांमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. फ्रेंच शिपाई पटापट मरत होते. नोव्हेंबर 1802 मध्ये खुद्द लक्लेर्क त्याच तापाने गेला. लुईझियानाला जायची दुसरी फौज हॉलंडच्या बंदरात बर्फात अडकून पडली होती.

इकडे अमेरिकेची अडचण वेगळीच होती. अ‍ॅपलाचियन डोंगरापलीकडचे शेतकरी आपलं पीठ, तंबाखू, खारवलेलं डुकराचं मांस तराफ्यांवर लादून मिसिसिपीतून न्यू ऑर्लिन्सला आणत, तिथल्या वखारीत ठेवत आणि समुद्री जहाजांवर चढवत. लुईझियाना कागदोपत्री फ्रान्सचा झाला तरी ताबा अजून स्पेनकडेच होता. ऑक्टोबर 1802 मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने ही वखारीची सवलत बंद केली आणि पश्चिमेकडे बोंब उठली. जेफरसनने जेम्स मन्रोला पॅरिसला धाडलं. तिथे अमेरिकेचा दूत रॉबर्ट लिव्हिंग्स्टन आधीपासून खेटे घालतच होता. दोघांना मुभा होती ती न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडा विकत घेण्याची. अख्ख्या लुईझियानाचा विषयच नव्हता.

7 एप्रिल 1803 रोजी तुसाँ जू किल्ल्यात मेला. 11 एप्रिलला नेपोलियनने अर्थमंत्री बार्बे-मार्ब्वाला सांगितलं, लुईझियाना सोडून देतोय. त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री तालेराँने लिव्हिंग्स्टनला विचारलं, सगळाच प्रांत घेतलात तर काय द्याल? मन्रो दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर बाजार मांडलेला होता. ब्रिटनशी युद्ध पुन्हा तोंडावर आलं होतं. साखरेचं बेट हातचं गेलं तर धान्याचं कोठार घेऊन करायचं काय, आणि ब्रिटिश आरमारापुढे ते राखायचं कसं? 30 एप्रिलच्या तारखेने करार झाला. 6 कोटी फ्रँक प्रांताचे, 2 कोटी अमेरिकी व्यापाऱ्यांच्या फ्रान्सवरच्या दाव्यांपोटी. डॉलरमध्ये दीड कोटी, एकरी तीन सेंटांच्या आसपास.

अमेरिकेकडे रोकड नव्हती. तिने कर्जरोखे दिले आणि ते विकत घेतले लंडनच्या बेअरिंग आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी. म्हणजे ब्रिटिश सावकार ब्रिटनच्या शत्रूला पैसा पुरवत होता, आणि ब्रिटिश सरकारला ते माहीत होतं. या पेढीचा फ्रान्सिस बेअरिंग ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही राहिलेला. त्याच वर्षी सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढणारी कंपनी ती हीच.

जेफरसनला वेगळाच पेच होता. नवा मुलूख विकत घेण्याचा अधिकार राज्यघटनेत कुठेच लिहिलेला नव्हता, आणि घटनेच्या अक्षरावर बोट ठेवणारा हाच माणूस. त्याने घटनादुरुस्तीचे मसुदे केले, मग मुकाट्याने बाजूला ठेवले. सिनेटने 24 विरुद्ध 7 मतांनी करार मंजूर केला. 30 नोव्हेंबरला न्यू ऑर्लिन्समध्ये स्पेनने फ्रान्सला ताबा दिला आणि 20 डिसेंबरला फ्रान्सने अमेरिकेला. शहरावर फ्रेंच झेंडा होता तो जेमतेम वीस दिवस. प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ओसेज, सू आणि इतर मूळनिवासी लोकांना कुणी विचारलं नाही. फ्रान्सने विकला तो प्रामुख्याने मालकीचा दावा. जमीन पुढे अमेरिकेने त्यांच्याकडून तह आणि लढाया करून घेतली.

नोव्हेंबर 1803 मध्ये हैतीतल्या व्हेर्तिएरच्या लढाईत फ्रेंच हरले. 1 जानेवारी 1804 रोजी बंडाचा सेनापती देसालीन याने हैतीचं स्वातंत्र्य जाहीर केलं. या उठावामुळे ज्यांचा देश जवळपास दुप्पट झाला, त्या अमेरिकनांनी हैतीला काय दिलं? 1806 मध्ये व्यापारबंदी. गुलामी झुगारलेल्यांचं राज्य शेजारी नांदतंय ही गोष्टच अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळेवाल्यांना खपणारी नव्हती. लुईझियानात तर कापूस आणि उसाबरोबर गुलामी फोफावली. अमेरिकेने हैतीला मान्यता दिली ती 1862 मध्ये, लिंकनच्या काळात.

फ्रान्सने तर फर्मानासोबत युद्धनौकाच धाडल्या. 1825 च्या जुलैत त्या पोर्ट-ओ-प्रिन्ससमोर उभ्या असताना हैतीचा अध्यक्ष बॉयेर याने ते फर्मान मान्य केलं. ही भरपाई मळेवाल्यांच्या गेलेल्या मालमत्तेची होती, आणि त्या मालमत्तेत स्वतः हैतीची माणसंही धरलेली होती. पाच वार्षिक हप्ते ठरले. पहिला हप्ता 3 कोटींचा. तेवढे पैसे नसल्याने हैतीला पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावं लागलं, आणि दलाली-कसर कापून हातात पडले 2 कोटी 40 लाख. 1838 मध्ये एकूण मागणी 9 कोटींवर आणली गेली. म्हणजे सूट मिळाल्यावरही लुईझियानापेक्षा 1 कोटी जास्तच. ती फेडायला काढलेल्या कर्जांचं ओझं विसाव्या शतकापर्यंत उतरलं नाही.