टेबलक्लॉथवरची हळद साबणाने लाल का होते?

सणावाराला काढलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर रश्श्याची वाटी कलंडते आणि पिवळा डाग पडतो. लगबगीने त्यावर साबण चोळला की तो डोळ्यांदेखत तांबडा होतो. पुष्कळ घरांत इथेच आशा सोडली जाते. डाग पक्का झाला, कापड वाया गेलं, असं वाटतं. प्रत्यक्षात तांबड्या रंगाचा आणि डाग पक्का होण्याचा काही संबंध नाही. त्या तांबड्या जागेवर लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा होईल. रेणू तोच असतो, फक्त त्याच्याभोवतीचं वातावरण बदललेलं असतं.

हा रेणू म्हणजे कर्क्युमिन. हळदीतून तो पहिल्यांदा वेगळा केला गेला १८१५ साली आणि त्याची रचना १९१० मध्ये रसायनतज्ज्ञ कोस्तानेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. दोन टोकांना कार्बनची दोन षट्कोनी वलयं आणि मध्ये त्यांना जोडणारी सात कार्बनची साखळी, अशी ती रचना आहे. या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेले असतात. असा पसरलेला इलेक्ट्रॉनसमूह दृश्य प्रकाशातला एखादा भाग शोषून घेऊ शकतो. कर्क्युमिन सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळट निळा प्रकाश शोषतं. पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की डोळ्याला पिवळा दिसतो.

साबण आणि कपड्याची पावडर दोन्ही अल्कधर्मी असतात. पावडरीत धुण्याचा सोडा असल्याने तिच्या पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास जातो. एवढ्या अल्कलीत कर्क्युमिन आपले हायड्रोजन आयन सोडून देतं, इलेक्ट्रॉन आणखी सैलावतात आणि शोषण जास्त तरंगलांबीकडे सरकतं. म्हणून रंग तांबूस होतो. शाळेत हळदीचा कागद दर्शक म्हणून वापरतात तो याच गुणावर. हळदीला चुना लावून लाल करायची आणि त्यापासून कुंकू बनवायचं, या जुन्या रीतीचा पायाही हाच आहे.

तेव्हा लाल रंग पाहून घाबरायचं कारण नाही. खरी अडचण दुसरीच आहे. बहुतेक वनस्पतिज रंगांना सुती कापडावर टिकायला तुरटीसारखा रंगबंधक लागतो. हळदीला तो लागत नाही. कर्क्युमिन कापसाच्या तंतूला थेट चिकटतं, आणि म्हणूनच शतकानुशतकं कापड रंगवायला हळद वापरली गेली. त्यात ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतं. फोडणीत हळद टाकतो तेव्हा आपण तिचा रंग तेलात उतरवत असतो. रश्श्यावरची तर्री ही कापड रंगवायला अगदी तयार असं पिवळं द्रावणच असते. साध्या पाण्याने कितीही खळबळलं तरी तिला काही होत नाही, ते यामुळे.

विदर्भातली वायगावची हळद तर कर्क्युमिनच्या जास्त प्रमाणासाठीच ओळखली जाते. जेवणात जितकी कसदार हळद, तितका डाग गडद.

यावर उपाय करताना क्रमाला फार महत्त्व आहे. आधी सांडलेलं चमच्याने उचलून घ्यावं. पुसू नये, कारण पुसताना तेल आजूबाजूच्या धाग्यांत शिरतं. कोरड्या कागदाने किंवा जुन्या सुती फडक्याने वरून दाबून तेल टिपून घ्यावं. मग डागावर भांडी घासायचं लिक्विड थेंबभर टाकून बोटाने हलकेच मुरवावं आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यावं. या लिक्विडच्या रेणूचं एक टोक तेलाकडे ओढलेलं असतं, दुसरं पाण्याकडे. असे असंख्य रेणू तेलाच्या सूक्ष्म थेंबाला चहूबाजूंनी घेरतात आणि तो थेंब पाण्याबरोबर वाहून जातो. तेल गेलं की त्यात विरघळलेली बरीचशी हळदही जाते. मग नेहमीच्या पावडरीत कोमट पाण्याने धुवावं. या टप्प्यावर डाग लाल झाला तर होऊ द्यावा. अल्कलीत आलेलं कर्क्युमिन पाण्यात थोडं अधिक विरघळतं आणि फार काळ तगही धरत नाही, त्यामुळे ते आपल्या फायद्याचंच आहे.

एवढं करूनही फिकट पिवळी छटा उरते. तिथे काम करतं ऊन.

कर्क्युमिन निळा प्रकाश शोषतं हे वर आलंच आहे. शोषलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. उत्तेजित झालेल्या रेणूची हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते आणि ती सात कार्बनची साखळी तुटते. तुटलेल्या तुकड्यांत व्हॅनिलिनसारखे छोटे रेणू असतात, ज्यांना दृश्य प्रकाश शोषण्याइतकी लांब साखळी उरलेली नसते. म्हणून ते रंगहीन दिसतात. डाग धुऊन निघत नाही, तो जागच्या जागी मोडतो. ज्या गुणामुळे हळद पिवळी दिसते, तोच गुण तिला उन्हात टिकू देत नाही, हे मला या सगळ्या रसायनशास्त्रातलं सर्वांत सुंदर कोडं वाटतं. नैसर्गिक रंगाने कापड रंगवणाऱ्यांची मात्र यामुळेच पंचाईत होते. हळदीने रंगवलेलं कापड उन्हात लवकर विटतं.

घरात याचा अर्थ इतकाच, की टेबलक्लॉथ ओला असतानाच डागाची बाजू उन्हाकडे करून वाळत घालावा. एका दुपारीत फरक दिसतो, राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून घालावा. गॅलरीला काच लावलेली असेल तरी हरकत नाही. काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते, पण निळा दृश्य प्रकाश तिच्यातून आत येतो आणि कर्क्युमिनला तेवढा पुरतो. रंगीत किंवा छापील कापड असेल तर सबंध कापड दिवसभर उन्हात ठेवू नये. डागाचा भाग तेवढा उन्हात, बाकी घडी करून झाकलेला, असं करावं.

पावसाळ्यात आठवडाभर ऊन मिळत नाही. तेव्हा पांढऱ्या सुती कापडासाठी ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर चांगली. तिच्यातल्या सोडियम परकार्बोनेटपासून कोमट पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तेही ती साखळी तोडतं. क्लोरीनचं ब्लीच मी शेवटचा उपाय मानतो. ते रंगाबरोबर कापसाच्या सेल्युलोजवरही हल्ला करतं आणि वारंवार वापरलं की कापड विरू लागतं. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: क्लोरीन ब्लीच आणि लिंबू किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

टेबलावरचे बाकीचे डाग हळदीइतके हट्टी नसतात, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सोलकढीचा गुलाबी रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून लगेच गार पाण्याखाली धरला तर बहुतांश निघून जातो. साबण लागला की तोही रंग बदलतो आणि निळसर दिसू लागतो. चहातल्या टॅनिनची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली तर काळपट डाग पडतो, त्यामुळे ज्यांच्याकडे बोअरच्या पाण्यात लोह आहे त्यांनी चहाचा डाग वाळू देऊ नये. दूध आणि अंडं यांना कधीही गरम पाणी नको. उष्णतेने प्रथिनं गोठतात आणि धाग्यांत अडकून बसतात. अशा डागांसाठी एन्झाइम असलेली पावडर उपयोगी पडते. कपडे धुण्यासाठी एन्झाइम वापरण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ ओटो रोम यांनी १९१३ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. ही एन्झाइम कोमट पाण्यात उत्तम चालतात, उकळत्या पाण्यात निकामी होतात.

क्रोशाचे टेबलक्लॉथ पुष्कळ घरांत आजीच्या हातचे असतात आणि त्यांची काळजी वाटणं साहजिक आहे. कापसाचा धागा ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक मजबूत असतो, त्यामुळे ते हाताने धुवायला भ्यायचं कारण नाही. धोका धुण्यात नसून वाळवण्यात आहे. पाण्याने जड झालेली ती जाळी दोरीवर लोंबली की स्वतःच्याच वजनाने ताणली जाते. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावं आणि आडवं पसरून, हाताने आकार देत वाळवावं.

ठेवणीतलं कापड कपाटातून काढल्यावर त्यावर अचानक पिवळे डाग दिसतात. ते बहुधा ठेवताना न दिसलेल्या तेलाचे किंवा सरबताचे असतात. तेलाचं हवेशी हळूहळू ऑक्सिडीकरण होतं, साखर इस्त्रीच्या उष्णतेने करपते. म्हणून एकदाच अंथरलेला टेबलक्लॉथही धुऊनच ठेवावा, आणि इस्त्री करण्याआधी उजेडात नीट न्याहाळावा. खळ घालायची असेल तर ती वापरायच्या आदल्या दिवशी घालावी. खळीचं कापड महिनोन्‌महिने ठेवलं तर कसर लागते, कारण खळ म्हणजे स्टार्च आणि तेच तिचं अन्न. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नये. काही प्लॅस्टिकमध्ये मिसळलेल्या बीएचटी नावाच्या रसायनाची हवेतल्या नायट्रोजन ऑक्साइडशी प्रक्रिया होऊन पांढऱ्या कापडाच्या घड्यांवर पिवळे पट्टे उमटतात. जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावं आणि वर्षातून दोनदा घडी मोडून दुसरीकडून घालावी. नाहीतर धागे नेमके घडीच्या रेषेवर विरतात.