फिश ऑइल आणि फिश प्रोटीन: मासा एकच, माल वेगळा

गेल्या आठवड्यात मंगळवार पेठेत काकांच्याकडं गेलेलो, तर काका जेवण झाल्यावर पिवळ्याधमक सहा गोळ्या तळहातावर घेऊन बसलेले. म्हटलं हे काय, तर म्हणाले, "माशाचं प्रोटीन हाय, शुगरला चांगलं असतंय म्हणं, तालमीतल्या पोरानं सांगितलंय." डबी घेऊन बघतोय तर फिश ऑइल! मागं बारीक अक्षरात प्रोटीनच्या पुढं चक्क शून्य.

हा घोळ लै जणांचा होतोय. ऑइल म्हणजे माशाची चरबी. पुढं मोठ्ठं 1000 मिग्रॅ लिहिलेलं असतंय पण तो नुसता तेलाचा आकडा, कामाचं ओमेगा-3, म्हणजे त्यातली उपयोगाची चरबी, साध्या कॅप्सूलमध्ये 300 मिग्रॅच्या आसपास (180 ईपीए, 120 डीएचए, हे ओमेगा-3 चेच दोन प्रकार), बाकी सगळं साधं तेल. काकांच्या सहा गोळ्या म्हणजे 6 ग्रॅम फॅट, 54 कॅलरी.

तेलाचं खरं काम ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या एका चरबीवर. ते वाढलेलं असलं की डॉक्टर दिवसाला 4 ग्रॅमचा औषधी डोस देतात, त्यानं 20 ते 30 टक्के उतरतंय. तेवढं ओमेगा-3 या डबीतनं काढायचं म्हटलं तर रोज तेरा गोळ्या! आणि जास्त डोसनं काही जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित व्हायचा धोका वाढतो, त्यामुळं तसलं काही आपल्या मनानं करू नका. शुगर तर यानं फारशी हलतच नाही. आणि हृदयाचं म्हणाल तर 2018 ला असेंड नावाची मोठी ट्रायल आली, डायबेटिसवाले 15,480 लोक, रोज 1 ग्रॅमची कॅप्सूल, सात वर्षांच्या वर चालली, पण हार्ट अटॅक, स्ट्रोक काय कमी झाले नाहीत.

आता प्रोटीन. माशाचे चांगले तुकडे काढून घेतल्यावर काट्याला, डोक्याला जे मांस राहतंय ते एन्झाइमनं बारीक तोडायचं, वाळवायचं, झाली पावडर. नॉर्वेकडं कॉड, हेरिंगपासून करतात. प्रोटीननं पोट भरल्यासारखं राहतंय, स्नायूंना खुराक मिळतोय, इथवर ठीक. शुगरवर अभ्यास झालेत, पण माणसं थोडी आणि काही आठवड्यांचेच, कुठं जेवणानंतरची शुगर थोडी उतरली, कुठं काहीच नाही. म्हणजे आशा आहे, पुरावा कच्चा आहे. माशाची ॲलर्जी असली तर मात्र या पावडरीपासून लांबच, कारण ॲलर्जी मुख्यतः माशाच्या प्रोटीनचीच असती. किडनीचा त्रास असला तर आधी डॉक्टर.

(फिश कोलॅजन, म्हणजे माशाच्या कातडी-खवल्यातनं काढलेलं प्रोटीन, हा तिसराच प्रकार. त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल नसतंय, म्हणून ते पूर्ण प्रोटीन नव्हे.)

माझं विचाराल तर रत्नागिरीकडनं येणारा बांगडा. 100 ग्रॅम मांसात जवळपास 20 ग्रॅम प्रोटीन, वर ओमेगा-3 पण त्यातच, दोन डब्यांचा माल एका ताटात. फक्त तळून तेलात बुडवू नका.

काकांचा रिपोर्ट काढून बघितला, ट्रायग्लिसराइड 140, म्हणजे 150 च्या आतच. मग तेल कशासाठी चाललंय, त्यांनाही सांगता येईना. त्यात ते रक्त पातळ व्हायची गोळी घेतात, म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत डबी कपाटात. काकू रविवारी पांढऱ्या रश्श्याऐवजी बांगडा करायला तयार झाल्यात. काका अजून नाहीत.