चिलखत महाग, गदा स्वस्त: छोट्या वॉरबँडच्या बांधणीची पार्श्वभूमी

टेबलावर छोट्या मूर्ती मांडून खेळायच्या कल्पनारम्य युद्धखेळांचा उगम सहसा १९७१ सालच्या एका मध्ययुगीन नियमावलीच्या पुरवणीत शोधला जातो, पण त्यानंतर बराच काळ खेळाडूंची नजर छोट्या टोळ्यांऐवजी मोठ्या सैन्यांवरच खिळलेली होती. ‘वॉरबँड’ या शब्दाचा अर्थही ठरलेला नव्हता. प्राचीन लढायांच्या १९९० सालच्या एका नियमावलीत तो टोळीवाल्यांच्या त्वेषाने चालून जाणाऱ्या पायदळापुरता येतो, तर १९८८ सालापासूनच्या काही कल्पनारम्य पुस्तकांत एका सरदाराभोवती फाशांच्या कौलाने जमलेल्या अनुयायांना तेच नाव आहे. यातला दुसरा अर्थ टिकला.

आजची बांधणी मात्र खऱ्या अर्थाने १९९९ सालच्या, उद्ध्वस्त शहरात घडणाऱ्या ‘मॉर्डहाइम’ या खेळाने घडवली. सुरुवातीला ५०० सुवर्णमुद्रा, किमान तीन योद्धे आणि माणसांच्या भाडोत्री टोळीला १५ जणांची मर्यादा, एवढ्यात सगळे बसवायचे आणि जखमा, मृत्यू, अनुभव या सर्वांचे परिणाम पुढच्या लढाईत तसेच न्यायचे. माणसे आणि शस्त्रे एकाच थैलीतून घ्यायची असल्यामुळे भावांचा तक्ताच टोळीचे रूप ठरवू लागला, आणि वाद उभा राहिला तो इथेच.

पहिली कट्यार फुकट, गदा ३ मुद्रांना, तलवार १० मुद्रांना. पण हलके चिलखत २० आणि जड चिलखत ५० मुद्रांना. नवखा तरुण योद्धा अवघ्या १५ मुद्रांत मिळत असताना त्याच्या अंगावरचे चिलखत त्याच्यापेक्षा महाग पडे, आणि हलके चिलखत तर फाशावर ६ पडले तरच वाचवी. घाव जरा जोरकस असला, तर तेवढीही आशा उरत नसे. उलट दुसऱ्या हातातल्या स्वस्त गदेने एक जादा वार मिळे. साहजिकच दोन्ही हातांत शस्त्रे घेतलेल्या, उघड्या अंगाच्या टोळ्या सर्वत्र दिसू लागल्या. चिलखत दुर्मीळ असावे हा हेतू उद्ध्वस्त शहराच्या कथेला शोभणारा होता, हे मान्य केले तरी भावाचा हा निर्णय चुकलाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक गटांनी घरगुती नियम करून चिलखताचे भाव उतरवले, ते उगाच नव्हे.

पुढच्या खेळांनी हा प्रश्न सोडवण्याऐवजी बाजूला सारला. २०१५ सालच्या ‘फ्रॉस्टग्रेव्ह’मध्ये जादूगाराचे सैनिक ठरलेल्या शस्त्रांसह ठरलेल्या किमतीला येतात, आणि २०२० सालच्या दुसऱ्या आवृत्तीने त्यांतल्या निष्णात सैनिकांवर चारची मर्यादा घातली. २०१९ सालच्या ‘वॉरक्राय’मध्ये तर प्रत्येक योद्ध्याचे शस्त्र त्याच्या कार्डावरच छापलेले असते. त्यामुळे तोल सांभाळला जातो आणि टोळी तासाभरात उभी राहते. मात्र पहिल्या लढाईतून जिवंत परतलेल्या त्या १५ मुद्रांच्या पोराला १० मुद्रांचे शिरस्त्राण घेऊन द्यायचे, आणि मग मूर्तीचे जुने डोके कापून त्या जागी शिरस्त्राणाचे डोके चिकटवायचे, हे काम त्या पद्धतीत उरत नाही.