वन्यजीव आणि जनुकतंत्र: आयोवातील रानगवा ते यवतमाळची पऱ्हाटी

मेळघाट-ताडोब्यात आजही कळपाने दिसणाऱ्या रानगव्याचे नाव वन्यजीव वाचवायला जनुकतंत्र वापरण्याच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच येते. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात एका साध्या गायीच्या पोटी क्लोन केलेला, म्हणजे दुसऱ्या गव्याच्या पेशीपासून त्याची जनुकीय प्रत म्हणून घडवलेला रानगवा जन्मला. त्याचे नाव नोआ ठेवले होते. काही वर्षांपूर्वी मेलेल्या गव्याच्या गोठवून ठेवलेल्या त्वचापेशींपासून तो घडवला होता, पण दोनच दिवसांत हगवणीने दगावला. नामशेष झालेल्या बुकार्डो या रानबकरीचे २००३ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेले क्लोन पिल्लू तर काही मिनिटेच जगले.

ठोस यश मिळाले ते काळ्या पायांच्या फेरेट या उत्तर अमेरिकेतील छोट्या मांसाहारी प्राण्याच्या बाबतीत. आज जिवंत असलेले या जातीचे जवळपास सारे प्राणी अवघ्या सात पूर्वजांचे वंशज आहेत. त्या सातांत नसलेल्या एका मादीच्या, १९८८ मध्ये गोठवलेल्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये क्लोन जन्मला आणि २०२४ मध्ये तिच्याच दुसऱ्या क्लोनला पिल्ले झाली. हरवलेले जनुकवैविध्य असे परत आणता येते, हे मान्य करावेच लागेल. (मध्य भारतातील वाघांत ते टिकवायला मात्र जंगलाजंगलांतील वाटा मोकळ्या ठेवणे हाच आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे.)

क्लोनिंगमध्ये जनुके बदलत नाहीत. २०१२ मध्ये जनुके नेमक्या जागी कापण्याचे क्रिस्पर तंत्र आले आणि ती बदलणे सोपे झाले. त्यामुळे जीन ड्राइव्हची जुनी कल्पनाही आवाक्यात आली. एरवी पालकातील बदललेले जनुक निम्म्या संततीत उतरते, येथे ते जवळपास सगळ्यांत उतरते. बेटांवरील पक्ष्यांची अंडी खाणारे उपरे उंदीर संपवायला हे उपयोगी ठरेल, असे म्हणतात. पण तेच उंदीर दुसरीकडे मूळचे रहिवासी आहेत; बदललेले जनुक तिथे पोहोचले तर काय, हा धोका उरतोच.

जनुकबदलातील धोक्याचा अनुभव विदर्भाने शेतातच घेतला आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला (जिवाणूचे अळीनाशक जनुक घातलेल्या कापसाला) परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळे. त्यावर प्रतिकार नसलेल्या अळ्याही जगाव्यात म्हणून ते कडेने लावायचे असे, पण बहुतेकांनी लावलेच नाही, कारण जागा मोडून अळीला खाऊ घालणे कोणाला परवडणार? त्यात फरदडीने, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीने, अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य पुरवले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने यवतमाळसह विदर्भातील बोंडे पोखरली. जनुक निकामी ठरायला अळीइतकीच ही व्यवस्थाही कारणीभूत होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबी येथे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या अधिवेशनात रानटी जातींच्या जनुकबदलावर स्थगितीचा ठराव निसटत्या फरकाने फेटाळला गेला आणि प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासण्याचे धोरण स्वीकारले गेले.